शहर वाढते, माणूस आकसतो : सुधीर पटवर्धन यांची नगरचित्रे

महानगराच्या चित्रकाराविषयी जवळा बाजारसारख्या गावातून लिहायला बसणे अनेकांना आगाऊपणाचे वाटेल. आमच्या गावात चित्रदालन नाही. परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. मोंढा, आडत दुकाने, हळदीची आणि सोयाबीनची पोती, एस. टी.ची वाट पाहणारी माणसे ही इथली नित्याची दृश्ये. चित्र म्हणावे असे काही दिसलेच तर ते दुकानाच्या पाटीवर, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तरीही गेली अनेक वर्षे आम्ही सुधीर पटवर्धन यांची चित्रे पाहत आलो आहोत. आधी मासिकांतून आणि पुस्तकांतून, वीतभर छापील प्रतींच्या रूपात. पुढे एकदा मुंबईला जाऊन, प्रत्यक्ष.

याचे कारण साधे आहे. मराठवाड्याचा मुंबई-ठाण्याशी असलेला संबंध पाहुण्याचा नाही, मजुराचा आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली कितीतरी घरे कुलपे लावून निघाली. काही पुण्याला गेली, काही मुंबईला, काही ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात स्थिरावली. कोणी हमाली केली, कोणी माती वाहिली, कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा दिल्या आणि पुढे स्वतःच करणी-ओळंबा हाती घेतला. त्यामुळे त्या शहराचे चित्र कोणी काढले असेल, तर त्यात आपली माणसे कुठे उभी आहेत हे पाहण्याचा आमचा हक्क आहे, असे आम्ही मानतो. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत. पटवर्धनांच्या चित्रांत माणूस कुठे उभा आहे, तो केवढा आहे आणि त्याच्याकडे पाहणारा कुठे उभा आहे, हे तीन प्रश्न घेऊन त्यांच्या चित्रांतून एक फेरफटका मारायचा आहे.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्यातला. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली डॉक्टर झाले. १९७३ मध्ये मुंबईत आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे पूर्ण तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. त्यांची चित्रकला त्यांनी स्वतःच घडवली. दवाखान्यातून उरलेल्या वेळात, आणि सेझान, लेजे यांच्यासारख्या पाश्चात्त्य चित्रकारांचा कसून अभ्यास करून. विद्यार्थिदशेपासूनच डाव्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. इब्राहिम अल्काझी यांच्या ‘आर्ट हेरिटेज’ने १९७९ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन सादर केले.

क्ष-किरणतज्ज्ञ असण्याचा आणि चित्रकार असण्याचा संबंध समीक्षकांनी पुष्कळदा जोडला आहे. तो जोडताना बहुधा असे म्हटले जाते की, हा चित्रकार माणसाच्या आत पाहतो. आम्हांला मात्र उलटे वाटते. दिवसभर काळ्या फिल्मवर माणसाची पांढरी हाडे पाहणाऱ्या या डॉक्टरने कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर रंगवले ते माणसाचे मांस, कातडी, वजन आणि थकवा. क्ष-किरणांच्या फिल्ममध्ये श्रीमंत-गरीब कळत नाही. बरगडी ही बरगडीच असते. पण खांदा कसा पडला आहे, पोट कसे सुटले आहे, शर्ट कुठे ताणला आहे, हे पाहिले की माणसाचा वर्ग कळतो, त्याचे काम कळते. फिल्मने जे गाळले ते पटवर्धनांनी चित्रात परत आणले.

मुंबई रंगवणारे ते पहिले नव्हेत. सय्यद हैदर रझांनी १९४० च्या दशकात मुंबईचे रस्ते जलरंगांत रंगवले. पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांनी तर सिनेमाची होर्डिंगे रंगवत या शहरात दिवस काढले. त्यांच्यासाठी शहर हे चित्राचा विषय होण्याआधी चित्राची भिंत होती. अब्दुल अझीझ रायबा (१९२२-२०१६) यांनी जुन्या मुंबईची चित्रे काढली. त्यांत आठवण आणि नक्षीकाम यांचा गोडवा आहे. पटवर्धनांचे समकालीन आणि स्नेही गीव्ह पटेल (१९४०-२०२३) हेही डॉक्टर, कवी आणि चित्रकार. त्यांनीही रेल्वे फलाट आणि रस्त्यावरची माणसे रंगवली. या परंपरेत पटवर्धनांचे वेगळेपण कोणते? आमच्या मते ते असे की, त्यांनी एकाच महानगराकडे चाळीस-पंचेचाळीस वर्षे सातत्याने पाहिले आणि त्या काळात ते शहर जसे बदलले तशी चित्राची रचनाही बदलू दिली. शहराच्या बदलाचे चित्र काढणारे बरेच असतात. शहराच्या बदलाने आपली चौकट मोडू देणारा चित्रकार विरळा.

सुरुवातीची चित्रे पाहा. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे १९७७ चे चित्र. हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस. तो चित्रात इतका मोठा आहे की, आपणही त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलो आहोत असे वाटते. इराणी हॉटेल ही मुंबईची एक खास जागा होती. एका चहावर कष्टकऱ्याला तासभर बसू देणारी. त्या जागेत हा माणूस विसावला आहे, पण त्याचे शरीर विसावलेले नाही. हात कामाचे आहेत आणि या क्षणी त्यांना काम नाही. पटवर्धनांनी त्याला बिचारा केलेला नाही आणि क्रांतीच्या भित्तिपत्रकावरचा मूठ वळलेला कामगारही केलेला नाही. डाव्या विचारांच्या तरुण चित्रकाराला त्या काळी हा मोह होणे अगदी स्वाभाविक होते. तो त्यांनी टाळला. माणसाला त्याच्या जागी बसू दिले आणि त्याच्याकडे नीट पाहिले.

याच सुमाराच्या ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) या चित्रांत लोकल गाडी आणि रेल्वेचा पादचारी पूल आहे. इथे स्थापत्य आहे, पण ते माणसाच्या मापाचे आहे. पूल आहे तो माणसे चालतात म्हणून आहे. १९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन भरले. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्याबरोबर त्यात पटवर्धन होते. गीता कपूर यांनी त्यासाठी लेख लिहिला. अमूर्ताचा जोर असलेल्या काळात माणसाला आणि त्याच्या ठिकाणाला चित्रात पुन्हा जागा द्यायची, असा त्या प्रदर्शनाचा रोख होता. ‘माणसांसाठी जागा’ हे नाव वाचताना आज थोडे चमकायला होते. चित्रात माणसाला जागा मिळत होती आणि शहरात त्याच माणसाची जागा जाण्याची वेळ अगदी जवळ आली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरणगाव मात्र मोडत गेले. आमच्याकडे त्या काळी मुंबईहून परतलेल्या माणसांच्या पेट्यांत गिरणीचे पास आणि धोतरजोड्या असत. नंतरच्या काळात परतणाऱ्यांच्या हातात काहीच नसे.

पटवर्धनांच्या चित्रांत याच दशकात मोठे वळण येते. ‘टाऊन’ (१९८४) आणि ‘नाला’ (१९८५) ही त्याची ठळक उदाहरणे. ‘टाऊन’मध्ये चित्रकार एकदम उंच जातो. वस्ती पसरलेली दिसते, घरे एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात, रस्ते वळतात आणि त्यांत माणसे विखुरलेली आहेत. तीच माणसे, पण आता लहान. पूर्वी माणूस चित्र भरून राहत होता आणि शहर त्याच्या पाठीमागे होते. आता शहर चित्र भरून राहते आणि माणूस त्यात शोधावा लागतो.

हे केवळ शैलीचे वळण आहे असे म्हणून पुढे जाता आले असते. पण ‘पोखरण’ (१९९१) पाहिले की या वळणाचे कारण उमगू लागते. ठाण्यात पोखरण रोड आहे, येऊरच्या डोंगराच्या कुशीतला. या चित्रात तो सारा परिसर एका नजरेत न मावणारा होऊन समोर येतो. एका जागी उभे राहून कॅमेऱ्याने टिपावे असे हे दृश्य नाही. डावीकडचा भाग एका ठिकाणाहून पाहिलेला, उजवीकडचा दुसऱ्या. खालचा रस्ता जवळून आणि डोंगर दुरून. शाळेत शिकवतात ते एकबिंदू यथार्थदर्शन इथे चालत नाही. ते चालण्यासाठी पाहणाऱ्याने एका जागी स्थिर उभे राहावे लागते आणि पाहिलेली वस्तूही जागेवर राहावी लागते. ठाण्यासारख्या शहरात या दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. सकाळी दवाखान्यात जाताना पाहिलेली टेकडी पावसाळ्यानंतर पाहावी तर अर्धी खणलेली. मग चित्रकार काय करणार? तो अनेक दिवसांचे, अनेक ठिकाणांहून पाहिलेले तुकडे जोडतो. आपल्याकडच्या लघुचित्रांत हे होते, इटलीतल्या सिएना नगरीच्या जुन्या भित्तिचित्रांतही होते. पटवर्धनांनी त्या जुन्या युक्तीचा उपयोग सजावटीसाठी केला नाही. शहर एका नजरेत मावेनासे झाले, ही हकिकत सांगण्यासाठी केला.

इथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर गवंडी आहेत. नात्याने आम्ही त्यांना मामू म्हणतो. दुष्काळात गेलेल्यांपैकी ते एक. ठाण्याच्या बाजूला पंचवीसेक वर्षे काम करून ते गावी परतले. एकदा आम्ही त्यांच्यापुढे ‘पोखरण’ची छापील प्रत ठेवली. चित्र पाहण्याची त्यांना सवय नाही. आम्हांला वाटले, ते दोन मिनिटांत पान उलटतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि डोंगराच्या पायथ्याशी बोट ठेवले. म्हणाले, “यां सब पत्थर की खदान थी, बाबा. हम पत्रे के झोपड़े में रहके उनके मकानां बांधे. मकानां रहे, झोपड़े गए.” नंतर बराच वेळ ते बोट फिरवीत राहिले. शेवटी विचारले, “इसने उप्पर से देखा ना? गच्ची पर से?”

हा प्रश्न आमच्या वाचनात आलेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा नेमका आहे. चित्रकार गच्चीवरून पाहतो आहे. मामूंनी तीच जागा पायाच्या खड्ड्यातून पाहिलेली होती. ज्याने इमारत बांधली तो तिच्या गच्चीवर उभा राहून शहर पाहत नाही. गच्ची ओतून झाली, पाणी मारून झाले, परांची उतरली की त्याचा वर जाण्याचा हक्क संपतो. मग पटवर्धनांचा हा उंचावरचा दृष्टिकोन मध्यमवर्गाचा, सदनिकेच्या खिडकीचा दृष्टिकोन आहे असे म्हणायचे का?

म्हणायला हवे, आणि आमच्या मते पटवर्धनांनीच ते प्रथम म्हटले आहे, रंगांत. रणजित होस्कोटे यांनी २००४ साली त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांना ‘सामील असलेला साक्षीदार’ अशा अर्थाचे विशेषण लावले आहे. हे विशेषण आम्हांला महत्त्वाचे वाटते. शहराची पडझड पाहून हळहळणारा माणूस बहुधा स्वतःला त्या पडझडीबाहेर ठेवतो. तो राहतो मात्र त्या टेकडीच्या जागी झालेल्या घरात. पटवर्धन स्वतःला असे बाहेर ठेवत नाहीत. १९७० च्या दशकातला तरुण डॉक्टर कामगाराच्या समोर, त्याच पातळीवर बसला. पुढच्या काळात तो वर आणि दूर गेला. चित्रांतही तो वर आणि दूर गेलेला दिसतो. जवळ असल्याचे सोंग त्याने केले नाही. कामगाराशी असलेली जवळीक उरली नव्हती तेव्हाही तशीच मोठी, भरदार माणसे रंगवत राहणे त्याला अवघड नव्हते. त्या चित्रांना मागणीही असती. त्याऐवजी अंतर पडले ते अंतर म्हणूनच रंगवले. या प्रामाणिकपणामुळे मामूंसारख्या माणसाला त्या चित्रात आपली जागा बोटाने दाखवता आली, असे आम्हांला वाटते. खोट्या जवळिकीच्या चित्रात त्यांनी बोट कुठे ठेवले असते?

‘लोअर परळ’ हे २००१ चे चित्र या दृष्टीने कळसाचे आहे. गिरणगावचा पूल, गिरण्यांचे अवशेष आणि त्यांच्या डोक्यावर उगवणारे नवे शहर. २००१ हे वर्ष योगायोगाने महत्त्वाचे ठरले. गिरण्यांच्या जमिनीविषयी १९९१ साली नियम झाला होता : जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक गृहबांधणीसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या सुमारे ६०० एकरांपैकी शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारा हिस्सा त्यामुळे फार आटला. प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. नियमाच्या दोन ओळी बदलल्या की शहराचे क्षितिज कसे बदलते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ‘लोअर परळ’ समोर ठेवावे. चित्रात नियम दिसत नाही. त्याचा परिणाम दिसतो : पुलावरून चालणारी माणसे आणि त्यांच्याशी काहीही देणेघेणे नसलेल्या उंच इमारती.

या चित्राकडे आज पाहताना आणखी एक तारीख मनात येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच परिसरात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि मॉल आले, माणसांची वर्दळ कैक पटींनी वाढली. पूल अरुंदच राहिला. पटवर्धनांनी ‘ओव्हरब्रिज’ रंगवले तेव्हा १९८१ साल होते. चित्रकार भविष्य सांगतो असले काही आम्हांला म्हणायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की, शहराचा पूल हा विषय रंगवण्याजोगा आहे हे ज्याला छत्तीस वर्षे आधी दिसले, त्याला माणसे कुठून चालतात हे ठाऊक होते. शहर आखणाऱ्यांना ते ठाऊक होते, असे म्हणवत नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. शहराच्या बदलाविषयी लिहिताना आपले अनेक कलासमीक्षक गिरण्या, मॉल, उड्डाणपूल यांवर भरपूर लिहितात आणि या दोन महिन्यांपाशी येऊन आवाज खाली करतात. पण मुंबईचा नकाशा त्या दोन महिन्यांनीही बदलला. कोणत्या वस्तीत कोणी राहायचे, कोणाला घर भाड्याने मिळायचे, कोणी सामान बांधून मुंब्र्याला जायचे, हे त्यानंतर ठरत गेले. मुंब्रा ठाण्याच्या हद्दीत येतो, म्हणजे पटवर्धनांच्या कामाच्या गावात. या स्थलांतराला इमारतींच्या इतिहासात जागा मिळत नाही, कारण त्यात एकही नवी शैली जन्मली नाही. फक्त माणसांनी पत्ते बदलले.

पटवर्धनांचे ‘रायट’ हे चित्र १९९६ चे आहे. घटना आणि चित्र यांत तीनेक वर्षांचे अंतर आहे आणि ते आम्हांला सन्मानाचे वाटते. वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी द्यावे तसे चित्र त्यांनी दिले नाही. या चित्रात ते पुन्हा जवळ आले. गच्ची सुटली, दूरचे क्षितिज गेले आणि माणसांची शरीरे पुन्हा चौकट भरू लागली. मात्र आता ती हिंसेत गुंतलेली. ज्या भरदार, कष्टकरी देहाचे या चित्रकाराने दोन दशके मन लावून चित्रण केले, तोच देह इथे हात उगारतो. डाव्या विचारांच्या चित्रकाराला हे रंगवणे किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. कामगार हा इतिहासाचा नायक आहे या श्रद्धेला इथे तडा जातो आणि तो तडा बुजवलेला नाही.

या संदर्भात गुलाममोहम्मद शेख यांच्या ‘सिटी फॉर सेल’ (१९८१-८४) या चित्राची आठवण होते. बडोद्याच्या दंगलीच्या पार्श्वभूमीवरचे ते प्रचंड चित्र. शेख शहराला कथेसारखे उलगडतात. एका कोपऱ्यात सिनेमा चालू आहे, दुसरीकडे रोजचे व्यवहार, तिसरीकडे आग. सारे एकाच वेळी. शेखांच्या शहराला स्मृती आहे, गोष्टी आहेत. पटवर्धनांच्या शहराला गोष्टींपेक्षा वजन आहे. शेख विचारतात, हे शहर कोणाच्या आठवणीत आहे? पटवर्धन विचारतात, हे शहर कोणाच्या खांद्यावर आहे? दोन्ही प्रश्न लागतात. दंगलीनंतर घर बदललेल्या माणसाला तर दोन्ही एकदमच पडतात.

पटवर्धनांच्या कलेविषयी आमची एक तक्रारही आहे आणि ती नोंदवली पाहिजे. त्यांच्या विस्तीर्ण नगरचित्रांत काही वेळा माणसे नमुन्यासारखी वाटतात. एक हमाल, एक फेरीवाला, एक शाळकरी मुलगी, एक म्हातारा, असे प्रतिनिधी नेमून दिल्याप्रमाणे. ‘इराणी रेस्टॉरंट’मधला माणूस कोणाचा प्रतिनिधी नव्हता, तो तोच होता. शहर मोठे झाले की माणूस लहान दिसणार हे खरे. पण लहान दिसणारा माणूस मोघम झालाच पाहिजे असे नाही. आमच्या मोंढ्यात माळवदावर उभे राहून खाली पाहिले तरी कोणता हमाल पोते उचलताना गुडघा आधी वाकवतो आणि कोणता कंबर, हे ओळखू येते. आपल्या उत्तम चित्रांत पटवर्धन हे साधतात. सगळ्याच चित्रांत साधत नाहीत.

दुसरा आक्षेप अनेकजण घेतात. कामगारांची चित्रे काढायची आणि ती धनिकांच्या दिवाणखान्यात लावायची, हा काय न्याय? आक्षेप खोटा नाही. त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याच चित्रकाराजवळ नसते. पटवर्धनांनी आपल्यापरीने एक उत्तर शोधले. २००८-०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘एक्स्पांडिंग होरायझन्स’ नावाचे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांत नेण्यात आले. ज्या गावांत मूळ चित्र कधी पाहायला मिळत नाही, तिथल्या लोकांपुढे मूळ चित्रे ठेवण्याचा तो प्रयत्न होता. स्वतःच्या चित्रांच्या प्रचारापेक्षा पाहणारा तयार करण्याची ही धडपड आम्हांला मोलाची वाटते. ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत आणि त्याही खाली, बाजाराच्या गावांपर्यंत यायला हवी होती, ही आमची रुखरुख.

आम्ही स्वतः मूळ चित्रे पाहिली ती फार उशिरा. २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा आढावा घेणारे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे प्रदर्शन सुरू झाले. नॅन्सी अदजानिया यांनी त्याची मांडणी केली होती. जानेवारीत आम्ही परभणीहून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी बोरीबंदरला उतरून चालत तिकडे गेलो. वीतभर प्रतीत पाहिलेल्या चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिली जाणीव झाली ती आकाराची. मोठे चित्र पूर्ण पाहायचे तर चालावे लागते. मागे सरावे तेव्हा शहर दिसते, पुढे यावे तेव्हा माणूस दिसतो. दोन्ही एकदम दिसत नाहीत. छापील पानावर हे कळण्याची सोय नाही. तिथे कळले की, माणूस आकसला असे आम्ही इतकी वर्षे म्हणत होतो ते अर्धेच खरे होते. जवळ जाण्याची तयारी असलेल्याला तो अजून सापडतो. चित्रकाराने ते काम आपल्या पायांवर सोपवले आहे.

पुढच्या काळात ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (२०१४) या सात फलकांच्या चित्रात त्यांनी मुंबईची सारी वाटचाल एका पट्ट्यात मांडली. अलीकडच्या त्यांच्या प्रदर्शनाचे नाव ‘सिटीज : बिल्ट, ब्रोकन’ असे होते. बांधलेली शहरे, मोडलेली शहरे. आता त्यात मुंबई-ठाणेच नाही, युद्धात कोसळणारी जगातली इतर शहरेही आली. आयुष्यभर एका शहराचे बांधकाम पाहिलेल्या माणसाला दूरच्या शहराचे ढिगारे पाहून काय वाटते, हे समजणे कठीण नाही. ज्याला भिंत उभी राहताना ठाऊक आहे, त्यालाच ती पडण्याचा अर्थ कळतो. मामूंनाही तो कळतो. टीव्हीवर पडलेल्या इमारती दाखवतात तेव्हा ते बाकी काही बोलत नाहीत. स्लॅबमधून बाहेर आलेल्या सळया मोजतात.

शेवटी आमच्या गावाकडे. जवळा बाजारही बदलतो आहे. मातीची माळवदे गेली, पत्रे आले, पत्र्यांच्या जागी स्लॅब आले. रस्त्याकडेची जुनी घरे मागे सरली आणि पुढे शटरचे गाळे उभे राहिले. देवडीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम-रामराम करणारी म्हातारी माणसे आता कुठे बसतात, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. पटवर्धनांची चित्रे पाहिल्यानंतर पाहू लागलो. ती गाळ्यांच्या पायऱ्यांवर बसतात. दुकान उघडले की उठतात. लहान गावाचे हे स्थित्यंतर महानगराच्या स्थित्यंतरापेक्षा कमी गंभीर नाही, पण त्याला चित्रकार मिळालेला नाही. आपल्या कथा-कवितांनी गाव पुष्कळ रंगवले. आपल्या चित्रकलेने बाजाराचे गाव बहुधा बैलगाडी आणि सूर्यास्तापुरतेच ठेवले.

हिंगोली, वसमत, औंढा, सेनगाव इथल्या शाळांत चित्रकलेची परीक्षा देणारी पुष्कळ मुले आहेत. निसर्गचित्र म्हटले की ती दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढतात. त्यांच्या शिक्षकांनी ‘पोखरण’ची एखादी छापील प्रत वर्गात लावावी, एवढीच आमची विनंती आहे. मग मुलांना सांगावे, आता मोंढ्यात जा, आपल्या गच्चीवर जा, एस. टी. स्टँडच्या पायरीवर बसा, आणि जे दिसते ते काढा. कुठून पाहिले तेही लिहा.